परातीतली बेटं

अण्णा, तुमच्या वर्गातल्या त्या मुलीबद्दल तुम्हाला एक सांगायचं राहून गेलं. पिंपरीच्या निर्वासित कॅम्पातून ती चालत चिंचवडला शाळेत यायची. कराचीहून बोटीनं आलेली, त्यामुळे वर्गात समुद्र पाहिलेली तेवढी एकच. मी, तुमची मुलगी, तिच्याच मागच्या बाकावर. बेटांचा धडा आला की तुम्ही फळ्याकडे पाठ करून जणू तिच्याशीच बोलायचात. काही बेटं मुख्य जमिनीपासून तुटलेली, काही ज्वालामुखीनं समुद्राच्या तळातून वर आलेली, काही तर इवल्या पोवळ्यांच्या सांगाड्यांची. खंडंच्या खंडं सरकतात असंही काही जण म्हणतात, अजून सगळ्यांना पटलेलं नाही, हे सांगताना तुमचा आवाज घरातली गोष्ट सांगावी तसा खाली यायचा. घरात मात्र तुम्ही मला तशी गोष्ट कधी सांगितली नाहीत.

शाळेच्या प्रदर्शनासाठी बेटांचा देखावा करायचं काम तुम्ही तिला दिलंत. त्यासाठी आईची परात घेतलीत. आई बिचारी आठवडाभर ताटात कणीक मळत होती. आपल्या स्वयंपाकघरात बसून त्या मुलीनं पवनेकाठच्या चिकणमातीचा लांब डोंगर केला, त्याला मेणाचा हात दिला, आणि तुम्ही तांब्यानं पाणी ओतत गेलात. डोंगर बुडाला, वर पाच शिखरं उरली. "बघ," तुम्ही म्हणता, "नकाशात पाच बेटं, म्हणून आपण द्वीपसमूह म्हणतो. खाली डोंगर एकच." मी चुलीशी भाकरी उलटतेय. ते 'बघ' मला नाही.

प्रदर्शनाच्या सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात आणि मी सगळ्यात उंच शिखर अंगठ्यानं दाबून पाण्याखाली घातलं. ती दारात आली तशी तुम्ही तिच्यावरच ओरडलात, "माती नीट मळली नव्हतीस! आता काय दाखवायचं?" तिनं परातीत पाहिलं, मग माझ्या हाताकडे. माझ्या नखात माती होती. आता ही सांगणार, असं वाटून मी हात मागे घेतला. ती म्हणाली, "सर, बेट हळूहळू खचतं ना? मग भोवती पोवळ्यांचं कडं राहतं. तुम्हीच सांगितलं होतं." तिनं मातीची वळी करून बुडालेल्या शिखराभोवती बसवली आणि आईकडून रांगोळी मागून वर लावली. पांढरं कडं, मध्ये संथ पाणी. तुम्ही उकिडवे बसून कितीतरी वेळ पाहत राहिलात. "शाब्बास, पोरी." बक्षीस तिलाच मिळालं. तुमचा नकाशांचा जुना संग्रह, जो पुढेमागे माझाच असं मी धरून चालले होते, तोही तुम्ही तिलाच दिलात.

पुढे ती मुंबईला गेली, भूगर्भशास्त्र शिकली. दर दिवाळीला तिचं पत्र यायचं आणि तुम्ही ते जेवताना मोठ्यानं वाचायचात. तुम्ही गेलात त्या वर्षीही आलं. 'सरांची तब्येत कशी आहे?' तुम्ही गेल्याचं मी कळवलं नाही. तीन दिवाळ्या तुमच्या अक्षरात, तुमच्या नावानं मीच उत्तरं लिहिली. चौथ्या वर्षी खरं कळवलं. उत्तरं माझी होती हेही लिहिलं. एवढंच लिहिलं नाही, की शेवटच्या पत्रातली 'माझी मुलगीही हुशार होती' ही ओळ तुम्ही कधी बोलला नव्हतात.