माझ्या दुखण्याच्या नावावर

मी, मनकर्णाबाई कडुबा दांडगे, वय सदुसष्ट, धंदा पूर्वी खानावळ व सध्या आजारपण, राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र आज शनिवारी सकाळी माझ्या घरात बसून माझ्या अक्षरात लिहिते. वकीलबाईंनी दिलेल्या मसुद्यात 'कोणाच्याही दबावाशिवाय' असे शब्द होते. ते मी खोडले. दबाव आहे. काल संध्याकाळपासून या घरात दुसरे काही नाहीच, आणि म्हणूनच मी आज लिहायला बसले. त्या दबावाला मी जुमानलेले नाही, एवढे कायद्याने समजून घ्यावे.

माझे डोके ठिकाणावर आहे. मला आतड्याचा कॅन्सर आहे आणि दुखणे सोसावे म्हणून मी मॉर्फीनच्या गोळ्या घेते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. उद्या कोणी म्हणायला नको की म्हातारी गुंगीत होती. म्हणून सकाळची गोळी घेतलेली नाही आणि शेवटची सही होईपर्यंत घेणार नाही. माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉ. नुसरत सिद्दीकी समोर खुर्चीत बसल्या आहेत. "अम्मा, अब तो ले लो," असे त्या दोनदा म्हणाल्या. मी मान हलवली. अक्षर बिघडले तर ते पोटाचे समजावे, मनाचे नाही.

कलम एक. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. माझे यजमान कै. कडुबा म्हणायचे, "तुझ्यामागं भांडायला हाय काय?" हे घर मी भाकरी थापून उभे केले हे त्यांना मान्य होते, पण चारचौघांत ते कधी बोलले नाहीत. आता चारचौघांसमोर मीच लिहिते.

कलम दोन. माझी मालमत्ता म्हणजे मुकुंदवाडीतील गुंठेवारीत नियमित झालेले घर, खाली दोन खोल्या व वर एक, आणि बँकेतील ठेव. दोन्ही माझी स्वकष्टार्जित असून त्यात दांडगे कुटुंबातील कोणाचाही पैसा नाही. माझ्या खानावळीत फार्मसीची पोरेपोरी जेवायची. माझा एकुलता एक मुलगा विश्वजीत त्यांच्या पंगतीत बसून वाढला आणि त्यांच्यासारखाच फार्मासिस्ट झाला. सरिताही तिथलीच. कन्नडहून शिकायला आलेली. पहिल्या दिवशी ती आली तेव्हा भाकरी संपल्या होत्या. पोरगी काही न बोलता परातीपाशी बसली आणि आपली आपण थापून घेतली. तेव्हाच ती माझ्या मनात भरली. पुढे विश्वजीतच्याही भरली, पण त्याला माझ्यानंतर दोन वर्षे लागली.

कलम तीन. खानावळीची मोठी पातेली, परात, तवे आणि शेगडी रत्नमालाला द्यावीत. ती माझ्या शेजारी बसून आयुष्यभर भाकरी थापत आली. या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायला ती आनंदाने आली होती, पण वकीलबाई म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याची साक्ष घेऊ नये, पुढे भांडण लागते. रत्नमाला म्हणाली, "मंग पातेली र्‍हाऊ द्या, सही घ्या." मी म्हटले, पातेली घे. सही करणारे दुसरे मिळतील.

कलम चार. माझे धाकटे दीर साहेबराव, राहणार करमाड, यांना माझ्याकडून काही नाही. विश्वजीतच्या लग्नाला ते आले नाहीत. 'मेंढरामागची पोरगी दांडग्यांच्या घरात?' असे ते करमाडच्या चौकात म्हणाले होते. सरिताचे वडील बिरू मेंढरे राखतात हे खरे आहे. सरिताची फार्मासिस्ट म्हणून नोंदणी झाली तेव्हा त्या माणसाने प्रमाणपत्राची झेरॉक्स लॅमिनेट करून घेतली आणि कन्नडच्या बाजारात ओळखीच्याला, अनोळखीला दाखवत हिंडला. साहेबरावांनी स्वतःच्या पोरांचे एवढे कौतुक कधी केल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. काल त्यांना चहा पाजला आहे, तेवढा हिशेब पुरे.

कलम पाच. आता मुख्य गोष्ट. ज्याला माहीत नाही त्यालाही कळावे असे लिहिते.

विश्वजीत आणि सरिता एकाच खासगी रुग्णालयाच्या औषधालयात नोकरीला. तिथे एक लोखंडी कपाट आहे. ऑपरेशनच्या वेळी आणि असह्य दुखण्यात देतात ती फेंटानिलची आणि मॉर्फीनची इंजेक्शने त्यात असतात. या औषधांची नशा होते, म्हणून त्या कपाटाला दोन कुलुपे असतात आणि दोन चाव्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे असतात. एकाने ठरवले तरी एकट्याला ते उघडता येऊ नये, हा नियम. नियम करणाऱ्याने सगळा विचार केला होता. ती दोन माणसे एकमेकांशी लग्न करतील आणि दोन्ही चाव्या एकाच घरात एकाच खिळ्याला टांगल्या जातील, एवढे मात्र त्याच्या डोक्यात आले नाही. रुग्णालयात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. कोणाला त्यात वावगे वाटले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही नाही. नवराबायकोत कसले आले वेगळे कुलूप, असेच आपल्याकडे धरून चालतात.

गणपती उठल्यानंतर तपासणी झाली. डबे भरलेले होते, आतल्या बाटल्या रिकाम्या. दुसऱ्या दिवशी फार्मसी परिषदेचा तातडीचा आदेश आला: चौकशी पूर्ण होईपर्यंत दोघांचीही नोंदणी तत्काळ निलंबित. औषधालयाला टाळे लागले. माझ्या गोळ्या तिथूनच यायच्या. दुसऱ्या रुग्णालयाचा कागद होईपर्यंत मी आणि माझ्यासारखे आणखी किती जण उशी दातात धरून पडले असतील, ते ज्याने बाटल्या रिकाम्या केल्या त्याने एकदा मोजावे.

सरिता त्या दिवशी घरी आली आणि चप्पल न काढता ओट्यापाशी उभी राहिली. मी विचारले, "काय झालं गं?" ती म्हणाली, "आई, माझं नाव काढलं." सोमवारी सुनावणी आहे.

कलम सहा. काल संध्याकाळी साहेबराव आले. विश्वजीतने बोलावले होते. ते खाटेवर बसले, विश्वजीत दारात खाली मान घालून उभा, सरिता ओट्याला टेकून. साहेबराव जे बोलले ते जसेच्या तसे लिहिते.

"सरिता, बाईमाणसाला सोडून देतेत. सोमवारी म्हणायचं, सासूचे हाल बघवंनात म्हणून घेतली. कुणाला बी पाझर फुटंल. पोरगा अडकला तर घराणं गेलं."

मी म्हटले, "साहेबराव, मला एक बी इंजेक्शन दिलेलं नाय कुणी."

ते म्हणाले, "वैनी, तुमाला आता कोण इचारायला येणार हाय?"

विश्वजीत काही बोलला नाही. माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही. सरिता एवढेच म्हणाली, "बघते काका."

त्या 'बघते'चा अर्थ मला कळतो. साहेबराव गेल्यावर मी तिला जवळ बसवले. ती म्हणाली, "आई, त्यांना आत टाकलं तर ते जगायचे नाय. मी काय, मेंढरामागची. माळावरनं आले, परत माळावर जाईन." मला एवढा राग आला की हातातला पेला भिंतीवर आपटला. राग तिचा नव्हता. या घरात येऊन चार वर्षांत ती असे बोलायला शिकली, याचा होता.

इथे थोडी थांबले होते. डॉक्टरीणबाईंनी घाम पुसला. पुढे लिहिते.

कलम सात. मी शपथेवर सांगते की चोरीला गेलेल्या इंजेक्शनांतले एकही मला दिले गेलेले नाही. सरिताने नाही, कोणीच नाही. मला मिळाले ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, गोळ्यांच्या रूपात आणि पावतीसह. माझ्या दुखण्याच्या नावावर चोरी खपवायची नाही. दुखणे माझे आहे. ते मी सोसले आहे. दुसऱ्या कोणी त्याची ढाल करू नये.

पोळ्याच्या दिवशी सरिता घरीच होती. आदल्या रात्रीपासून मला उलट्या होत होत्या म्हणून तिने सुटी घेतली होती. सकाळी विश्वजीतने खिळ्यावरच्या दोन्ही चाव्या घेतल्या. मी विचारले, "दोन्ही कशाला रे?" तो म्हणाला, "तिच्या जागी दुसरी येणार हाय, तिला द्यायची." नंतर कळले, त्या दिवशी तिच्या जागी कोणीही आले नव्हते. त्याआधी आणि त्यानंतर काय झाले ते मी पाहिले नाही, म्हणून लिहीत नाही.

विश्वजीत ती इंजेक्शने विकत नाही. कोणी तसे म्हणाले तर ते खोटे. दौलताबादच्या घाटात गाडीवरून पडल्यापासून त्याची पाठ गेली, आणि ते औषध त्याच्या हाताशी होते. मला कसे कळले? गोळी घेतल्यावर मला जसे होते तसेच त्याला होताना मी पाहिले. ताट समोर ठेवून माणूस बसल्या बसल्या डुलकी घेतो. नाक खाजवत राहतो. विचारलेले त्याला उशिरा ऐकू येते. माझा मुलगा उन्हाळ्यातसुद्धा घरात मोजे घालून फिरतो. एकदा तो झोपलेला असताना मी मोजा खाली ओढून पाहिला. पुढे लिहवत नाही.

या मजकुराचे प्रतिज्ञापत्र वकीलबाईंनी वेगळे करून घेतले आहे आणि सोमवारी त्या ते दाखल करतील. पण त्यांनीच सांगितले, सून स्वतःच्या तोंडाने 'मी घेतली' म्हणाली तर सासूच्या कागदाला कोणी विचारणार नाही. म्हणून पुढचे कलम.

कलम आठ. माझे घर आणि बँकेतील ठेव माझ्या पश्चात माझी सून सरिता विश्वजीत दांडगे हिला एकटीला मिळावी. अट एकच. तिने कोणत्याही चौकशीत, माझ्यासाठी किंवा नवऱ्यासाठी किंवा घराण्यासाठी, न केलेला गुन्हा स्वतःवर घेतला, तर तिला यातले काही मिळणार नाही. मग हे घर आमच्या गल्लीतल्या मित्रमंडळाला जाईल. यंदाही त्यांच्या गणपतीच्या मांडवाने माझे दार अडवले होते आणि भोंग्यावरून मी त्यांच्याशी दर वर्षी भांडते. सरिता, माझ्या ओट्यावर ती पोरे ढोल ठेवतील. तुला ते चालेल का, बघ.

बाई, तुझा परवाना तुझा आहे. तो विश्वजीतचा नाही, दांडग्यांचा तर मुळीच नाही. तुझे माझ्यावर प्रेम आहे ना? मग मी मेल्यावर खोटे बोलून मला चोरीचा माल खाणारी ठरवू नकोस.

कलम नऊ. माझा मुलगा विश्वजीत याला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. घर नाही, ठेव नाही, एक वाटीसुद्धा नाही. त्याच्या हातात जे जाईल ते कुठे जाईल हे मला माहीत आहे. त्याला घरात ठेवायचे की नाही हे सरिताने ठरवावे, माझी भीड धरू नये.

माया मी काढून घेतलेली नाही. ती काढता येत असती तर हे लिहायला इतका वेळ लागला नसता. विश्वा, तू चोर म्हणून जन्मला नाहीस. तू आजारी आहेस, जशी मी आहे. फरक एवढाच की तुझा आजार बरा होणारा आहे. डॉक्टरीणबाईंनी व्यसनमुक्ती केंद्रात बोलून ठेवले आहे. पण आजारी माणसाने आपले दुखणे बायकोच्या गळ्यात बांधायचे नसते. ते तू काल दारात उभा राहून होऊ दिलेस. तुझे ते गप्प राहणे मला कॅन्सरपेक्षा जास्त लागले.

कलम दहा. या मृत्युपत्राची व्यवस्था वकीलबाई, म्हणजे अ‍ॅड. मोनिका गायके यांनी पाहावी. माझ्या दहाव्याला साहेबरावांना भाषण करू देऊ नये.

कलम अकरा. साक्षीदार दोन लागतात. पहिल्या डॉ. नुसरत सिद्दीकी. दुसरी जागा मी मोकळी ठेवली आहे. ज्याला या कागदातून काहीच मिळत नाही असा माणूस साक्षीला चालतो, असे वकीलबाई म्हणाल्या. असा माणूस या घरात एकच आहे. मी त्याला वरच्या खोलीतून बोलावले आहे. तो समोर बसून हे वाचतो आहे. कलम सातपर्यंत आला होता, पुन्हा मागे गेला. सरिता दारात उभी आहे, तिला मी आत येऊ दिलेले नाही. सही फक्त माझ्या सहीची साक्ष आहे, मजकुराची नाही, हे त्याला वकीलबाईंनी सांगितले. नुसती सही करून तो उठू शकतो. सही न करताही उठू शकतो, मग शेजारचे काकासाहेब करतील. मी त्याला काही म्हणणार नाही. माझ्याच्याने आता फार वेळ बसवतही नाही.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दुखत असताना आणि शुद्धीत असताना खालील साक्षीदारांसमोर सही करून पुरे केले.

ठिकाण: मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १३ सप्टेंबर २०२५

सही
मनकर्णाबाई कडुबा दांडगे

साक्षीदार १
मनकर्णाबाई यांनी माझ्यासमोर सही केली. सही करताना त्या पूर्ण शुद्धीवर होत्या व कोणत्याही गुंगीच्या औषधाच्या प्रभावाखाली नव्हत्या.
डॉ. नुसरत सिद्दीकी

साक्षीदार २
आईने माझ्यासमोर सही केली. मी सगळे वाचले. कपाट मी एकट्याने उघडत होतो. इंजेक्शने मी स्वतःसाठी घेतली. सरिताला यातले काही माहीत नव्हते. सोमवारी मी हेच सांगणार आहे. आई शेजारच्या खोलीत कण्हत असायची, तेव्हाही मी ती स्वतःलाच टोचून घेत होतो.
विश्वजीत कडुबा दांडगे