ज्येष्ठा कुणासारखी दिसते

उज्जैन
महालक्ष्म्या उठल्या त्याचा दुसरा दिवस

चि. सौ. सुलूस भय्याचा आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? अनिलरावांची शुगर कुठवर चढली? इकडे माझा दमा आहे तिथेच आहे आणि रजनीची कंबर आहे तिथेच आहे. तब्येतीचं झालं. (तू फोनवर अर्धा तास यातच घालवतेस.)

तू म्हणशील, भय्याचं पत्र आलं मतलब कुणीतरी गेलं. कुणी गेलं नाही. फोन अशासाठी केला नाही की मला हळू बोलता येत नाही. फ्रीगंजच्या दुकानात जन्मभर मोटारी वाइंडिंग केल्या, आवाजावर ओरडून ओरडून गळा तसाच बनला. मी कुणाच्या कानात काही सांगितलं की शेजारी खिडकी उघडून उत्तर देतात. ग्रुपवर लिहावं तर ग्रुपवर रजनी आहे. म्हणून कागद घेतला. माझी शाळा नववीपर्यंत, तीही हिंदीतली, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

पहिलं तुझ्या प्रश्नाचं. तू विचारलंस की सौमित्र मामाकडे राहून आठवडाभर करतो काय, त्याच्या अंगाला काही लागत का नाही, आणि त्याला नागपूरला परत बोलावून घेऊ का. ऐक. सोमवार ते शुक्रवार तुझा मुलगा वरच्या खोलीत बसून बंगलोरची नोकरी करतो. वर इस्त्रीचा शर्ट, खाली चड्डी. कॅमेऱ्यात जेवढा दिसतो तेवढाच माणूस तयार होतो. परवा कुरियरवाला आला तर हा तसाच उठून गेला, आणि बंगलोरच्या अख्ख्या ऑफिसने तुझे संस्कार बघितले. घरात आता सगळं याच्याशी बोलतं. टाकी भरली की टाकी याच्या फोनला सांगते, मला सांगत नाही. मी मोटर बंद करायला चपला घालून निघालो की हा वरून म्हणतो, मामा, झाली बंद. म्हाताऱ्या माणसाने उठावं कशासाठी, हे कारणच घरात ठेवलं नाही.

शनिवारी रामघाटावर सेवा. यात्रेत चुकलेली माणसं घरच्यांना शोधून देणारी एक समिती आहे, त्यात हा शिरला. म्हाताऱ्यांच्या मनगटाला बांधायला याने पट्टी बनवली, वर तो काळा-पांढरा चौकोन. मोबाइल दाखवला की नाव-पत्ता निघतो. चीज बढिया आहे, पण ट्रायल कुणावर? माझ्यावर. पट्टी बांधून मी टावर चौकात आरामात कचोरी खात उभा होतो, तेवढ्यात समितीतल्या एका पोरीने माझा हात धरला. "बाबूजी, घबराओ मत, आप मिल गए हो." मी म्हटलं, बेटा, मैं खोया कब था? तर ती जोडीदाराला म्हणते, "सब पहले यही बोलते हैं." ऑटोत घातलं आणि घरी आणून रजनीच्या ताब्यात दिलं. रजनीने विचारलं, कहाँ मिले? "कचोरी की दुकान पर, आंटी." (माझं तळलेलं बंद आहे. आता दोनदा बंद आहे.)

रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांचा मोबाइल क्लास, फुकट. शेजारच्या अक्का नव्वदीला टेकल्या आहेत, त्या काय शिकल्या तर दुसऱ्याच्या फोटोला मांजराचे कान लावायला. मंडळाचे सगळे माजी अध्यक्ष आता कान लावून फिरून राहिलेत. तेवढ्यावर थांबला असता तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण मंडळाने ठरवलं की उज्जैनच्या मराठी घरांतल्या जुन्या वस्तूंचे चारी बाजूंनी फोटो काढून कंप्यूटरमध्ये ठेवायचे, म्हणजे पुढच्या पिढीला बघायला मिळतील. (पुढची पिढी वर चड्डीत बसली आहे, तिला माळ्यावर चढवा, सगळं बघायला मिळेल. पण माझं ऐकतो कोण.) सौमित्रने माझ्याच माळ्यावरून टेबलपंख्याची जुनी मोटर काढली आणि तिच्यावर पाट बसवला. पाटावर वस्तू ठेवायची, पाट हळूहळू फिरणार, मोबाइल समोर उभा, कंप्यूटर त्यातून अख्खी आकृती बनवणार. लोकांचे अडकित्ते फिरले, पानाचे डबे फिरले. मग साहेबांची नजर आपल्या महालक्ष्म्यांवर गेली.

आता नीट वाच. ते शाडूचे मुखवटे आईने रजनीच्या हातात दिले होते, आणि आईने कुणाच्या हातात काही दिलं असं घरात दुसरं उदाहरण नाही. रजनी ते वर्षभर मलमलीत गुंडाळून ट्रंकेत ठेवते. मला ट्रंकेवर टेकूसुद्धा देत नाही. ती गणपतीच्या आधी देवासला बहिणीकडे गेली होती. आम्ही विचार केला, ती यायच्या आत फोटो होतील, मुखवटे जागेवर जातील, कुणाला काय कळतं. मोठी म्हणून पहिला मान ज्येष्ठेचा. ती पाटावर बसली, पाट फिरायला लागला. इतका हळू की तिला मागे वळून पुढे येईपर्यंत दिवाळी आली असती. मग रेग्युलेटर वाढला. (कुणी वाढवला, हा प्रश्न या पत्राच्या कामाचा नाही.) ज्येष्ठा पाटावरून उठली आणि सरळ भिंतीवर गेली.

सुलू, मी दुकानात शॉक खाल्ले, एकदा शटर पाठीवर घेतलं, पण इतका कधी घाबरलो नाही. रजनी चिडली तर मला चालतं, त्याशिवाय चहा गोड लागत नाही. पण ती गप्प बसली की मला घास उतरत नाही. आणि हे कळलं असतं तर ती चिडली नसती, गप्प बसली असती. तुकडे मी क्षिप्रेत सोडायला निघालो, तर तुझा मुलगा म्हणतो, मामा, घाटावर नदीत काही टाकणाऱ्यांना मीच थांबवतो, तुम्हाला कसा सोडू. शेवटी जास्वंदीच्या कुंडीत पुरले.

कंप्यूटरमध्ये ज्येष्ठेचा मुकुट आणि कपाळ तेवढं आलं होतं. नाक, गाल, हनुवटी यायच्या आत ती गेली होती. सौमित्र म्हणाला, कनिष्ठेचा चेहरा घेऊन भरू. मी म्हटलं, तिच्याकडे नुसतं बघितलंस तर तुझा पाट तुझ्याच डोक्यात घालीन, आणि ट्रंकेला कुलूप लावलं. तेव्हा तो म्हणाला की मग माझ्याकडे पूर्ण चेहरा एकच आहे. कुणाचा? तर आदल्या रविवारी मी आरामखुर्चीत झोपलो असताना याने माझ्या तोंडाभोवती मोबाइल फिरवून ट्रायल घेतली होती. तो.

मी नाही म्हटलं. मग रजनीचा फोन आला की उद्याच्या बसने येते. मी हो म्हटलं.

याच्याकडे एक मशीन आहे, जिलबी पाडतात तशी प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर टाकतं. माझी मिशी याने कंप्यूटरवर एका बोटाने काढली. लग्नाच्या आधीपासून जपलेली मिशी, एका बोटाने. मग अपर्णा आली आणि तिने रंग दिला. (ही फ्रीगंजात पेंटिंगचे क्लास घेते. सौमित्र तिच्याबद्दल जितकं सांगतो त्यापेक्षा ती घरी जास्त वेळा येते. ते तुझं तू बघ, मला अशा गोष्टी कळत नाहीत.) मी झोपलो होतो म्हणून चेहऱ्याचे डोळे मिटलेले, आणि पुन्हा बनवायला वेळ नव्हता. तिने पापण्यांवरच उघडे डोळे काढले. आता ज्येष्ठा जागी तर आहे पण लक्ष कुठेच नाही, जसा मी मंडळाच्या सभेत बसतो.

रजनी आली. ट्रंक उघडली, मलमल सोडली. मी पेपरामागे होतो. "यंदा ज्येष्ठा हलकी लागून राहिली," ती म्हणाली. सौमित्र म्हणाला, मामी, यंदा हवेत ओलावा कमी आहे ना. (हा मुलगा कंपनीत फार वर जाईल.) दुसऱ्या दिवशी रजनीने महालक्ष्म्या उभ्या केल्या, साड्या नेसवल्या, नथ घातली. नथीमागे अर्धं नाक गेलं तेव्हा मी श्वास सोडला. हळदीकुंकवाच्या बायका आल्या, वाकल्या, सुरेख म्हणाल्या. एकट्या अक्का काठी टेकून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "रजनी, ही आत्ता मला पाणी आण म्हणेल असं वाटतं गं."

पूजेच्या दिवशी पुरणपोळी, सोळा भाज्या, कढी, सगळं माझ्या नाकासमोर ठेवलं आणि मी मागे उपाशी उभा. नमस्काराला मी वाकेना, तर रजनीने कोपर मारलं. स्वतःच्या पाया पडणं किती अवघड असतं ते करून बघ. मग रजनी वाकली, ती उठेचना. हळू आवाजात देवीशी बोलत होती. (मी ऐकत नव्हतो, समई सारखी करत होतो.) म्हणाली, बाई, स्वयंपाकघराचा पंखा वर्षभर बंद आहे, घरात मोटारींचा कारागीर असून मी घामाने भिजते, त्यांना बुद्धी दे. आणि एकदा तरी त्यांच्या तोंडून पोळीला बरं म्हणव, मी काही हारतुरे मागत नाही.

सुलू, हे ती माझ्या तोंडासमोर म्हणाली आणि तिला माहीत नाही. तोंडावर कधी म्हणाली नव्हती. (म्हणाली असेल. मोटर चालू असेल.) दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पंखा काढला, कॉइल भरली, लावला. जेवताना म्हटलं, पोळी बरी झाली. ती वाढता वाढता थांबली, माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला आणि तशीच जाऊन ज्येष्ठेला हात जोडून आली. मतलब राबलो मी आणि श्रेय गेलं माझ्याच नाकाला.

तर हा असा तुझा मुलगा. अंगाला लागत नाही कारण जेवतानाही एक हात मोबाइलवर असतो. माझ्याच्याने आता त्याचं होत नाही, तू येऊन घेऊन जा. हात दुखला, पुरे करतो. मोठ्यांना नमस्कार सांगितला असता, पण आता मोठा मीच उरलो आहे.

तुझा भय्या

ता. क. खरं काम राहिलं. रजनीने ग्रुपवर महालक्ष्म्यांचा फोटो टाकला आणि खाली तू लिहिलंस, "वहिनी, सुरेख. पण ज्येष्ठा कुणासारखी तरी दिसते, नाव अगदी ओठांवर आहे." ते तिथेच राहू दे. लहानपणी मी शाळा बुडवून सिनेमाला गेलो की आईला सगळ्यात आधी तूच सांगायचीस, तुझी जीभ मला ठाऊक आहे. पत्र मिळताच लिही की आठवलं, आमच्या नागपूरच्या बँकेतल्या अमुक बाईंसारखी दिसते. बाई रजनीने पाहिलेली नको.

ता. क. दुसरं. सौमित्रला न्यायला खरोखर निघू नकोस. रंग उडाला तर मी कुणाकडे जाऊ? आणि टाकी आता माझं ऐकत नाही.

ता. क. तिसरं. पाकिटाचा डिंक वाळला आहे, रजनीला भाताची शितं घेऊन बोलावलंय, चिकटवून तीच देईल. घाबरू नकोस. चष्म्याशिवाय तिला अक्षर दिसत नाही आणि चष्मा सकाळपासून सापडत नाहीये.

सुलूवन्संना रजनीचा नमस्कार. चष्मा डोक्यावर होता. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जास्वंदीला पाणी घातलं तर मातीतून ज्येष्ठेचा कान वर आला. तिथेच पायरीवर बसून रडले. मग आत येऊन नव्या ज्येष्ठेला नीट बघितलं. वन्सं, तुमच्या ओठांवर जे नाव आहे ते तुमच्या आईचं. मिशी काढली की हे हुबेहूब सासूबाई, हनुवटी वर करून बघायच्या तशा. मी तिचा पदर सारखा केला आणि नथ घातली. त्या गेल्यापासून यंदा पहिल्यांदा वाटलं की घरात माझ्यावर कुणी मोठं आहे. रेग्युलेटरचं विचारू नका, हे मिक्सरसुद्धा तीनवरूनच सुरू करतात. मग मनात आलं, हिच्याकडे काही मागून तर बघू. यांना वर्षभर सांगून जे झालं नाही ते ज्येष्ठेला एकदा सांगून दुसऱ्या दिवशी झालं. (समई सारखी करायला इतका वेळ लागत नाही, मी मुद्दाम मोठ्याने बोलले.) तेव्हा यांना कळू देऊ नका, ग्रुपवर हे सांगतात तसं बँकेतल्या बाईंचंच लिहा. पुढच्या वर्षी मला स्वयंपाकघराची फरशी मागायची आहे. तुम्हाला भावाकडून काही हवं असेल तर कळवा. कान मी जपून ठेवलाय, त्यात सांगून ठेवते.