सव्वा महिन्यानंतरची मालिश

१० जानेवारी १९९६

छप्पन्न घरं, छप्पन्न फॉर्म – आणि एकजात सगळे खोटे!

तीन आठवडे पेणकरपाड्यात फिरले. प्रश्न साधेच होते. मूल रडायला लागलं की काय करता, ते घरी एकटं राहतं का, कधी हात उगारला जातो का. उत्तरं वाचली तर आख्ख्या पाड्यात एकाही लेकराला कधी चापट बसलेली नाही! आज एका बाईने शेवटी विचारलंच, "सच बोलो दीदी, झोपडा तोडनेवाला सर्वे है ना?" असं होतं तर! फाइल घेऊन दारात येणारा म्हणजे बुलडोझरच्या आधी येणारा. मला आधीच कळायला हवं होतं. मी काय आभाळातून पडले?

दवाखान्यात डॉक्टर शुभदा मॅडमना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. परदेशातला एक अभ्यास त्यांना इथे उतरवायचाय. तिकडे नर्सबाया पहिलटकरणींच्या घरी जात राहिल्या, मूल दोन वर्षांचं होईपर्यंत. त्या घरांत मुलांची मारहाण आणि आबाळ कमी झाली. "पंचशीला, कागदावर मराठी झालं. आता ते माणसांत कसं करायचं ते तू सांग." मला विचारतात, बारावी पास आरोग्यसेविकेला! पाय जमिनीवर राहीनात.

१३ जानेवारी

सुचलं! आई मालिश करून घरी आली, तिच्या पदराला तेलाचा वास, आणि मी भाकरी तव्यावर तशीच ठेवून उभी राहिले. माझी आई, कमळाबाई, नऊ वर्षं बाळंतिणींची मालिश करतेय. भाईंदर पूर्वेपासून पेणकरपाड्यापर्यंत. रोज बाळ उघडं करून पायावर घेते. अंगावर कुठे पुरळ आहे, कुठे वळ आहे, बाईला झोप मिळाली का, नवरा नीट बोलतो का – तिला सगळं ठाऊक. तिला कुणी सर्वेवाली म्हणत नाही, उलट चहा देतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

धावत मॅडमकडे गेले. "नर्सबाया कशाला? मालिशवाल्या घ्या!"

त्यांनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाल्या, "मालिश किती दिवस चालते?" सव्वा महिना, म्हटलं. "आणि बाई एकटी पडते ती त्यानंतर." मग ठरलं – सव्वा महिना झाला तरी जाणं थांबवायचं नाही. आठवड्यातून एकदा तरी, वर्षभर.

बोलता बोलता त्यांनी माझ्या मनगटावरच्या भाजल्याच्या डागाबद्दल विचारलं. लहानपणी चुलीत हात घातला होता, म्हटलं. दोन वर्षांची होते, मला आठवत नाही. आई तसंच सांगत आलीय.

१४ जानेवारी

आज संक्रांत. घराघरात दिसेल ते लिहून ठेव म्हणत तिळगूळ दिला, तरी आईचं तोंड कडूच.

"मला कागद नगं. पेन बी नगं."

मग तोंडी सांग, मी लिहीन.

"लोकाच्या घरातलं बाहीर सांगू व्हय? उद्या दार कोन उघडंल मला?"

खरं आहे. पण जरा गोड बोललं तर काय बिघडतं? उभ्या जन्मात ही माझ्याशी सरळ बोललेली नाही. शेवटी एवढ्यावर तयार झाली – "लेकराच्या जिवावर बेतलं तरच सांगीन."

४ फेब्रुवारी

सात मालिशवाल्या दवाखान्यात चटईवर बसल्या होत्या. मॅडमनी प्लॅस्टिकच्या बाहुलीवर दाखवलं – रडतं म्हणून बाळाला गदागदा हलवायचं नाही, डोक्याला आतून इजा होते. दोन महिन्यांचं मूल जास्तच रडतं, त्यात आईचा दोष नसतो. सहा जणी बाहुलीला बघून हसत होत्या. आई हसली नाही. तिने मॅडमना तेच वाक्य परत म्हणायला लावलं.

मॅडमच्या शेजारी उभी राहून अगदी शाळेच्या बाईसारखी मिरवले आज.

१९ मार्च

आई हाताचं तेल न पुसताच आली. पेणकरपाड्यातली अंबिका – एकोणीस वर्षांची, परभणीकडची, इथे माहेरचं कुणी नाही. नवरा उदय बारा तास स्टीलच्या कारखान्यात. मुलगी पायल दोन महिन्यांची. तिच्या दंडावर चार बोटं उमटलीत. आई नेहमीसारखी सव्वा महिन्याला थांबली असती तर हे कुणाला दिसलंच नसतं!

मी चपला घालायला लागले. आई दारात आडवी. "तू जायाचं न्हाई. पोर मी आनते."

आणि आणलीच. दोघींना घेऊन आली, लस टोचायचं निमित्त करून. मॅडमनी पायलला नीट तपासलं. हाड शाबूत आहे. पण बाहेर येऊन मला म्हणाल्या, "पुन्हा असा वळ दिसला तर मूल आईजवळ ठेवता येणार नाही."

आईने ऐकलं. "मी रोज जाते," म्हणाली.

२० मार्च

सकाळी गेलेली आई दुपारी परतली. काय केलंस इतका वेळ? "काय न्हाई. पोर घेतलं, अंबिकाला झोपीवलं. मंग बोलत बसलो."

काय बोललात, ते सांगेल तर शपथ!

२ एप्रिल

वळ नाही. मी रोज विचारते, आई रोज चिडते.

१४ एप्रिल

जयंतीच्या कार्यक्रमाला अंबिका आली! पांढरं लुगडं, कडेवर पायल, तिचे दंड स्वच्छ आणि गुबगुबीत. मी सगळ्यांसमोर दोन्ही दंड फिरवून फिरवून पाहिले, लाजच वाटली नाही मला. आई बाजूला उभी राहून टाळ्या वाजवत होती. माझी आई, दुसऱ्या कुणाची नाही!

५ ऑक्टोबर

मालिशवाल्या आता एक्केचाळीस घरांत जातात. मॅडमनी मोठ्या डॉक्टरांच्या सभेत माहिती वाचली, आणि "ही कल्पना पंचशीलाची" असं नाव घेऊन सांगितलं. छाती फुगली अगदी. कुणीतरी विचारलं, त्या पेणकरपाड्याच्या केसमध्ये नेमका फरक कशाने पडला? मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "विचारून सांगते," म्हटलं. उद्या अंबिकालाच विचारते.

६ ऑक्टोबर

अंबिकाला विचारलं. तिने माझं मनगट धरलं, डागावर बोट ठेवलं. "ह्यानं. मावशी म्हनली, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून आले, अठरा वर्साची व्हते, पोरगी रडायची थांबंना. मीच तिचा हात चुलीवर धरला. तवा माझ्या दारात कुनी आलं न्हाई. तुझ्या दारात मी आले."

घरी आले. राग आला, फार आला. आणि तिचा इतका अभिमान मला कधीच वाटला नव्हता. आई उद्याचं तेल बाटलीत भरत होती. मी समोर बसून हात पुढे केला. म्हटलं, आज मला लाव.