ऐंशी लिटर

७ जुलै, सोमवार

नक्की कुठंतरी पाणी मुरतंय! आज माझ्या पाण्याच्या पाळीत घड्याळ लावून मोजलं. अठरा लिटरचा रॉकेलचा डबा, नवाकोरा, नळीखाली धरला. भरायला नव्वद सेकंद. तीनदा भरला, तिन्ही वेळा नव्वदच. म्हणजे मिनिटाला बारा लिटर. तासाला सातशे वीस. आणि तळ्याच्या सभेत ठरलंय काय? दर बागेला रोज एक तास, तासाला आठशे!

रोजचे ऐंशी लिटर कुणाच्या वांग्यांना जातात?

मी संशयी नाही. औषधाच्या दुकानात तेहतीस वर्षं पुड्या बांधल्या, एवढंच. मापात कमी-जास्त दिसलं की मला जेवण जात नाही.

८ जुलै

ठिबकाच्या तोट्यांची यादी टपालानं आली. माल अमेरिकेचा, म्हणून सगळं गॅलनमध्ये. एका तोटीतून तासाला एक गॅलन. गॅलन म्हणजे तीन पूर्णांक सातशे पंच्याऐंशी सहस्रांश लिटर — कोण शहाण्यानं ठरवलं असेल हे!

माझी रोपं दोनशे दहा. आठशे लिटरला भाग दिला तर दोनशे अकरा तोट्या चालतात. अगदी बेतात बसतं. सातशे वीसला भाग दिला तर फक्त एकशे नव्वद. शेवटची वांग्यांची अख्खी ओळ कोरडी! मी काय त्या वीस रोपांना सांगू, की बाळांनो, तुमचं पाणी कुणीतरी प्यायलं?

पाऊस नाही. तळं अर्ध्याखाली गेलंय. थंडगार नूडल्स खाऊन झोपले.

९ जुलै

आधी उदबत्तीवर संशय होता. आमच्याकडे पाळी अजून उदबत्तीवर मोजतात — दोन उदबत्त्या जळल्या की तास. ती लावतो तात्सुमी. बावीस वर्षं तोच आमचा पाटकरी, तळ्याची चावी त्याच्याकडे. राहतोही माझ्या शेजारीच. म्हटलं, हल्ली स्वस्तातली, भराभर जळणारी आणत असेल. घड्याळ घेऊन त्याच्या डोक्यावर उभी राहिले. दोन उदबत्त्या, साठ मिनिटं. एक सेकंद इकडे-तिकडे नाही.

मग उरलं काय? चावी! झडप कमी उघडत असणार.

त्याच्यादेखत पुन्हा डबा भरला. तो वाकून बघत होता. म्हणाला, “काठोकाठ भरता वाटतं?”

“मग काय अर्धा भरून मोजू?”

“नाही, तसं नाही...” मान खाजवली, टोपी सारखी केली आणि गेला. चोराच्या मनात चांदणं!

१३ जुलै

डोळे उघडले की सगळं दिसतं. तात्सुमीच्या बागेत काकड्या कशा लटकल्यात! पाटकऱ्यानं सगळ्यांच्या शेवटी, उरलेलं पाणी घ्यायचं ही इथली रीत. उरलेल्या पाण्यावर अशा काकड्या? कुंपणच शेत खातंय.

आज तो दारात चार ठेवून गेला. तोंड बंद करायला, दुसरं काय. खाल्ल्या मात्र मी. चांगल्या होत्या, ते वेगळं.

२० जुलै, रविवार

सभा झाली. चौदा घरांची माणसं. मी फळ्यावर सगळं मांडलं — डबा अठरा, सेकंद नव्वद, मिनिटाला बारा, तासाला सातशे वीस. एकानं वाचून दुसऱ्यानं ताडून पाहावं असं स्वच्छ. 

आमचे प्रमुख ओचिआई म्हणाले, “तात्सुमी-सान, तुमचं काय म्हणणं आहे?”

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग चटईला डोकं टेकेल इतका वाकला. “माझ्याकडून ढिलाई झाली. माफ करा सगळ्यांनी.” आणि झडपेची चावी टेबलावर ठेवली.

कबूलच केलं की!

घरी आले, जवाचा चहा केला. अर्धा ओतून दिला. जिंकल्यावर बरं वाटतं म्हणतात.

२१ जुलै

चावी आता चौदा घरांतल्याच मियाकेकडे. त्यानं माझा डबा एक्याऐंशी सेकंदांत भरेल अशी झडप सैल केली. हिशेबानं बरोबर आठशे. “काय नागाओबाई, आता खूश? की अजून उघडू? नाहीतर सगळं तळंच घेऊन जा!” जिभेला हाड नाही त्याच्या.

दोनशे दहा तोट्या मागवल्या.

६ ऑगस्ट

शेवटच्या ओळीपर्यंत थेंब पोचतो! उकिडवी बसून एकेक तोटी तपासली. माझं गणित चुकत नाही.

१९ ऑगस्ट

तात्सुमीच्या काकड्या वाळल्या. वेली तारेवर कागदासारख्या. पाटकरी नाही तरी पाणी अजून शेवटीच घेतो, आणि त्याच्यापर्यंत पोचतं जेमतेम. हे लोकांना दाखवायला चाललंय असं मला वाटतं. बघा, बाईनं माझी काय दशा केली! शहाण्या, मी नाही फसायची.

सकाळी भेटला. “उकाडा फार आहे, नाही?” म्हणाला. नेहमीसारखंच. मी ‘हो’ म्हटलं आणि पाय उचलला.

२ सप्टेंबर

मला लागतील त्याच्या तिप्पट वांगी. पिशवी भरून त्याच्या दारापर्यंत नेली. परत आणली.

२८ सप्टेंबर

मियाकेची बायको म्हणाली, “तात्सुमी-सान हल्ली तळ्यावर फिरकतही नाहीत हो.” मी म्हटलं, चोराला लाज वाटते. ती लगेच निघून गेली. एवढी घाई कसली? तिलाही काही माहीत आहे का?

२९ ऑक्टोबर, बुधवार

थंडी पडली. शेगडीच्या रॉकेलची गाडी आली. तोच डबा पुढे केला. गाडीवाल्यानं भरला आणि नळी काढली. वर चार बोटं रिकामं!

“अहो, अजून जागा आहे. भरा की!”

“आजी, अठरा झाले. काट्यावर बघा.”

“डबा अठराचा आहे ना?”

“अठरा *घालायचा* डबा. काठोकाठ भरला तर वीस मावतात. पण रॉकेल कुणी काठोकाठ भरतं का?”

गाडी गेल्यावर मागच्या अंगणातला तसलाच दुसरा रिकामा डबा काढला. स्वयंपाकघरातल्या लिटरच्या मापानं पाणी ओतत बसले. सतरा. अठरा. एकोणीस. वीस! विसावं माप संपलं तेव्हा पाणी काठाला लागलं.

नव्वद सेकंदांत वीस लिटर. तासाला आठशे.

आठशे. पहिल्या दिवसापासून आठशेच होते.

जेवले नाही.

३० ऑक्टोबर

रात्रभर तेच. “काठोकाठ भरता वाटतं?” — त्याला तेव्हाच कळलं होतं! सभेत एक वाक्य बोलला असता तर चौदा घरांसमोर मी खोटी पडले असते. म्हणून हा वाकला. आणि उन्हाळाभर माझ्या हट्टाचे — एक्याऐंशी सेकंदांत वीस, म्हणजे तासाला आठशे नव्वद — जास्तीचे नव्वद लिटर कुणाच्या वाट्यातून आले? शेवटच्याच्या. चोर मीच आहे. तेहतीस वर्षं पुड्या बांधणारी.

दुपारी त्याच्या दारात गेले. तो बाहेर आला. मी म्हटलं, थंडी वाढली. तो म्हणाला, हो ना, वाढली. परत आले. जीभ उचललीच नाही! मला माझीच शिसारी आली.

१ नोव्हेंबर

चौघांत आरोप केला, तर माफीही चौघांतच मागायला हवी. सूचनांचे कागद अडकवलेली फिरती पाटी या आठवड्यात माझ्यापासून सुरू होते. सूचना वाचायच्या, आपला शिक्का मारायचा, पाटी शेजारच्या दारात ठेवायची. मी आज सगळ्यांत वर माझा कागद लावला. डब्याचा सगळा हिशेब लिहिला. खाली लिहिलं — “तात्सुमी-सान यांनी एक थेंबही कमी दिला नव्हता. चूक माझी. चावी त्यांना परत द्यावी, ही हात जोडून विनंती. — नागाओ.” कागद तीनदा फाडला, चौथ्यांदा जमला.

माझ्यानंतरचं घर त्याचंच. बेल न वाजवता पाटी ठेवून आले.

५ नोव्हेंबर

मियाकेची बायको भाजीच्या दुकानात भेटली. हसून बोलली. ओचिआईही लांबून वाकले, नेहमीसारखे. एवढं वाचूनही? लोक इतके चांगले नसतात. माझ्यामागे काय बोलत असतील!

८ नोव्हेंबर

पाटी फिरून परत आली. चौदाही शिक्के आहेत. कचऱ्याच्या गाडीची सूचना आहे, फ्लूच्या लशीची आहे. माझा कागद नाही. मियाकेच्या बायकोला गाठून विचारलं — पाटी तात्सुमीकडून तिच्याचकडे जाते. म्हणाली, “कागद? कसला हो? आमच्याकडे आली तेव्हा दोनच होते.”