प्रोजेक्टरचं काळं बटण

ताई,

प्रोजेक्टर चालू झालाय. संध्याकाळी बाबांना आईची फिल्म तूच लावून दे, मी कामावर निघालोय. आज कारखान्याला सुट्टी असते हे त्यांना आठवलं, तर विषय बदल.

जुन्या मोटरच्या वेगाला धरबंधच नव्हता. आता चाकाशेजारी सेन्सर बसवलाय. तो फेऱ्या मोजत राहतो. मोटर मंदावली की सर्किट तिला जास्त वीज देतं, पळायला लागली की हात आखडता घेतं. त्यामुळे मामाच्या कॅमेऱ्याने ज्या वेगाने फिल्म घेतली होती, त्या वेगाने ती काल पहिल्यांदा चालली.

आई बादली घेऊन पायऱ्या चढते ते आठवतंय ना? तुरुतुरु. हिच्या पायाला भिंगरी बांधलीय म्हणत आपण दरवेळी हसून लोळायचो. बाबा तर सगळ्यांत जोरात. भिंगरी मोटरला होती, ताई. खऱ्या वेगात आई तिसऱ्या पायरीवर थांबते, कठडा धरते, दम खाते आणि मग कॅमेऱ्याकडे बघून हसते. तिचं दुखणं आपल्याला कळलं त्यानंतर वर्षभराने. तोवर ही फिल्म आपण कितीदा पाहिली असेल.

उगाच दुरुस्तीला हात घातला.

काळं बटण खऱ्या वेगावर ठेवलंय. दार लावून तू एकदा एकटीने बघ. मग बटण उजवीकडे शेवटपर्यंत, जुन्या पळत्या वेगावर फिरव, आणि त्यानंतरच बाबांना हाक मार.

धाकटा