तिसऱ्या खिळ्यावरची पँट

तीर्थरूप आक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे पोट जेवढं वाकू देतं तेवढं. उरलेला मनाने केला आहे, तो धरून घे.) इकडे सगळं ठीक. तुझी भावजय बरी आहे, मशीन बरं आहे, दुकानातले काजेवाले मामा अजूनही चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतात आणि दिवसातून दोनदा ते आम्हाला ऐकवतात. तुझी तब्येत फोनवर विचारली की तू "बरी आहे" म्हणतेस आणि फोन ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. पत्र मध्येच ठेवता येत नाही. म्हणजे येतं, पण तू ठेवणार नाहीस. पुडीचा कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचायची तुझी खोड मला चांगली ठाऊक आहे.

तुझ्या पायाबद्दल मी काहीही लिहिणार नाही. भाचीचा फोन आला होता. प्लास्टर काढून पाच महिने झाले, डॉक्टर रोज चाला म्हणतात आणि आई खिडकीतल्या खुर्चीतून उठते ती फक्त बाथरूमपर्यंत, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही, असं ती सांगत होती. असंच बसून राहिलात तर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलंय म्हणे. यातलं अक्षरही तुला कळवणार नाही असा मी तिला शब्द दिला आहे. तेव्हा तो विषय संपला. हे पत्र माझ्या वजनाबद्दल आहे.

त्याचं असं झालं, पायडल मारताना माझा उजवा गुडघा कुरकुर करायला लागला, म्हणून गल्लीच्या तोंडाशी दवाखाना आहे तिथल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी गुडघा सोडून मलाच काट्यावर उभं केलं. मग आकड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, कपडे कमरेला घट्ट होतात का? मी छातीठोकपणे नाही म्हणालो. ते खोटंही नव्हतं. अठरा वर्षांत माझी एकही पँट मला घट्ट झालेली नाही. बाकीच्या जगाला सकाळी बटण लागेना की कळतं, बाबा रे, आवर आता. शिंप्याला कळायला वावच नाही. जरा काचतंय असं वाटलं की दुपारी हात आपोआप शिवण उसवतो, कमर सैल करतो आणि डोक्याला पत्ताही लागू देत नाही. (लोकांच्या पोटांची मापं मी तोंडपाठ सांगतो. पण स्वतःच्या कमरेभोवती टेप धरला तेव्हा त्याची दोन टोकं एकमेकांना अनोळखी असल्यासारखी लांब उभी राहिली.) डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दहा किलो उतरवा, नाहीतर मशीन विसरा. मशीन विसरून मी करू काय? मला दुसरं येतं काय?

त्यांनी एक कागद दिला. एकदम मोठं काही करू नका, रोजच्या लहान लहान सवयी लावा. उत्साह येतो आणि जातो, सवय तेवढी राहते. वाचून मला गहिवरून आलं, कारण हे तू मला सहाव्या वर्षी सांगून झाली होतीस, फक्त तुझ्याकडे छापील कागद नव्हता. पहिली सवय, लहान ताटलीत जेवणे. तुझ्या भावजयीने उत्साहाने बशीएवढी ताटली काढली. मी तिच्यात असा काही डोंगर रचला की शेवटी तीच म्हणाली, मोठं ताट घ्या, निदान खाली सांडणार तरी नाही. दुसरी सवय, खाल्लेलं सगळं लिहून ठेवणे. हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून मापाच्या वहीत लिहायला लागलो. चार दिवस बरं चाललं. पाचव्या दिवशी काजेवाले मामा एका गिऱ्हाइकाचं माप मोठ्याने वाचून दाखवत होते: छाती चाळीस, खांदा अठरा, बिस्किटं सहा. गिऱ्हाईक शिक्षक होते. त्यांनी सहा बिस्किटं कुठल्या खिशाची असं शांतपणे विचारलं. तेव्हापासून वेगळी वही केली आहे आणि खरं सांगतो, लिहावं लागतं या भीतीने दोन बिस्किटं कमी झाली. तिसरी सवय, जेवणाआधी पाणी पिणे. तिच्यामुळे भूक मुळीच कमी झाली नाही, पण कापड अर्धवट कापून उठावं लागतं.

चौथी सवय चालण्याची. आदल्या संध्याकाळी बूट दाराशी काढून ठेवायचे, म्हणजे सकाळी विचार करायला वेळ मिळत नाही, असं कागदात आहे. मी बूट काढून ठेवले. सकाळी उठलो, बुटांकडे बघितलं, बुटांनी माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघं परत झोपलो. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी तुझ्या भावजयीने मला दाराबाहेर काढून आतून कडी लावली. मग काय करणार, निघालो. पण दुकानाकडच्या रस्त्याला बेकरी आहे, तिथे सकाळी पाव भट्टीतून निघतात. गेल्या जन्मीचं नातं असल्यासारखे पाय तिकडे वळले. म्हणून दुसऱ्या दिवशी उलट दिशेने, वसाहतीच्या रस्त्याला लागलो.

आक्का, त्या रस्त्याने मी चाळीस वर्षांत पायी गेलो नव्हतो. विजेचे खांब बदलले आहेत, लोखंडाचे होते ते सिमेंटचे झाले. पण जागा त्याच आहेत. तिसऱ्या खांबाशी धाप लागली आणि मी कुठे बसता येईल ते बघायला लागलो, आणि एकदम तुझा आवाज कानात आला. आई गेल्यानंतरचं दुसरं वर्ष होतं. तू तेरा वर्षांची, मी सहाचा. बाबा मशीनवरून उठत नसत, आणि शिवलेले कपडे वसाहतीत घरोघर पोचवायचं काम तुझं. मला घरी कुणाजवळ ठेवायचं, म्हणून तू मलाही घेऊन निघायचीस. एका काखेत कपड्यांचं गाठोडं, दुसऱ्या हाताला मी. माझं अंग तेव्हापासूनच असं, त्यामुळे तू मलाही गाठोडंच म्हणायचीस. तू झपझप चालायचीस आणि मी रडायचो, पाय दुखतात, बसू या. तू कधी नाही म्हणाली नाहीस. त्या खांबापर्यंत चल, मग बसू, एवढंच म्हणायचीस. खांबाशी पोचलं की तिथे मुंग्या असायच्या. पुढच्या खांबाशी ऊन असायचं. त्याच्या पुढच्याशी जागा चांगली होती, पण तोवर वसाहतीचं फाटक दिसायला लागलेलं असायचं, मग बसायचं कशाला? बत्तीस खांब, आक्का. पाच वर्षं रोज. तू मला एकदाही बसू दिलं नाहीस, आणि मला वाटायचं की आज नशीब खराब, उद्या नक्की बसू. त्या दिवशी मी एकटा, साठीतला माणूस, तुझं ते वाक्य स्वतःशी बोलत बोलत अकरा खांब चाललो. अकराव्याशी उभा राहून रडलो. (धाप लागल्यामुळे डोळ्यांत पाणी आलं असं मी एका फिरायला आलेल्या गृहस्थांना सांगितलं. त्यांना ते पटलं.)

आता पाचवी सवय, तिने माझी पार शोभा केली. कागदात असं आहे की लहान झालेला एखादा आवडता कपडा रोज नजरेसमोर राहील असा टांगावा आणि आठवड्यातून एकदाच घालून बघावा. माझ्याकडे असा एकच. बाबांनी जाण्याच्या वर्षी शिवलेली करडी पँट, कमर अडतीस. त्यांनी स्वतः शिवलेला तो शेवटचा कपडा, म्हणून मी तिला कधी हात लावला नव्हता, आणि माझी कमर आता बेचाळीस. मी ती दुकानात माझ्या मशीनसमोर टांगली. समोर खिळे तीनच, ते तुला सांगायला नको. पहिल्यावर आखूड करायचे कपडे, दुसऱ्यावर घट्ट करायचे, तिसऱ्यावर सैल करायचे. रिकामा तिसरा होता. तो तूच ठोकलेला, अजून डावीकडे तिरका आहे.

दर सोमवारी दुकान उघडलं की मी पडद्यामागे जाऊन ती पँट चढवायचो, श्वास ओढायचो, कण्हायचो आणि परत तिसऱ्या खिळ्यावर लावायचो. पहिल्या सोमवारी ती मांड्यांशीच अडली. दुसऱ्या सोमवारी वर आली, पण काज आणि बटण यांच्यात चांगलं तीन बोटांचं अंतर. मग दर सोमवारी ते अंतर थोडं थोडं कमी होत गेलं. आक्का, काय उत्साह आला म्हणून सांगू! मी बेकरीकडे बघेनासा झालो. खांब अकराचे सोळा झाले, सोळाचे वीस. सातव्या सोमवारी बटण लागलं. मी पडद्यामागून नाचतच बाहेर आलो. शेजारच्या घड्याळजींना बोलावलं, वरच्या मजल्यावरच्या वकिलांना बोलावलं, सगळ्यांना चहा आणि केक. (माझा अर्धाच. बरं, पाऊण.) आणि मग मी त्यांना चिकाटी या विषयावर जे भाषण दिलं, ते तू ऐकायला हवं होतंस. मनुष्याने ठरवलं तर काय होत नाही वगैरे वगैरे. घड्याळजी तर भारावून गेले आणि त्यांनी केकचा दुसरा तुकडा खाली ठेवला. तेवढ्यात काजेवाले मामा कप ठेवत म्हणाले, मालक, आता आतलं कापड संपलं. यापुढे सैल करायची तर तुकडा जोडावा लागेल.

मग उलगडा झाला. तिसऱ्या खिळ्यावर लावलंय म्हणजे सैल करायचं, हे मामा बत्तीस वर्षं करत आले. दर सोमवारी मी कण्हत पडद्यामागून यायचो आणि पँट त्याच खिळ्यावर परत लावायचो, म्हणजे अजून घट्टच असणार. मग मी जेवायला गेलो की ते मागची शिवण उसवून अर्धा इंच सोडायचे. सहा सोमवार, तीन इंच. मी ओरडलो, अहो, मग विचारायचं नाही का? ते म्हणाले, थोरल्या मालकांनी सांगून ठेवलंय, तिसऱ्या खिळ्याचं काम विचारायचं नाही, माणसाला लाज वाटते. गुपचूप सैल करून द्यायचं.

आणि हा नियम बाबांचा नव्हेच, तुझा. पोस्टातल्या त्या स्थूल बाई झगा सैल करायला आणायच्या आणि गिऱ्हाइकांसमोर कारण सांगताना लाल व्हायच्या. तेव्हा तू बाबांना म्हणालीस की एक खिळा असा ठेवा, जिथे कुणी काही सांगायचं नाही आणि आपण काही विचारायचं नाही. मग खुर्चीवर चढून तूच तो ठोकलास.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी पँट उलटी करून बघितली. बाबा एरवी मागच्या शिवणीत दीड इंच कापड सोडत, त्याहून जास्त म्हणजे नासाडी असं म्हणत. माझ्या पँटीत त्यांनी तीन इंच सोडलं होतं. त्यांना माझं पुढचं सगळं दिसत होतं, आणि बोलले मात्र काही नाहीत. मी बराच वेळ ती पँट मांडीवर घेऊन बसलो. आठवण फार आली, त्यांची आणि तुझी. तू तर अजून आहेस आणि तरीही आठवण येते, हे बरं नाही.

असो. पत्र लांबलं. तुझ्या पायाबद्दल मी काही लिहिलेलं नाही हे भाचीला आवर्जून सांग. तब्येतीला जप. तिला आणि जावईबापूंना आशीर्वाद.

तुझं,
गाठोडं

ता. क. अडतीस आणि बेचाळीसमधल्या चार इंचांतून मामांचे तीन वजा केले तरी एक इंच उरतो. तो माझा स्वतःचा, खांबांवर मिळवलेला. काट्यावरही दोन किलो कमी दिसले. (या खेपेला बूट काढले होते, हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलेलं नाही.)

ता. क. २. भाची म्हणाली की घरात काठी आणली आहे आणि ती तू दाराआड लपवून ठेवलीस. गल्लीत सगळ्यांच्या पुढे चालणारी बाई काठी टेकत निघाली असं लोक म्हणतील, हो ना? मी काही विचारलेलं नाही आणि तू काही सांगू नकोस. तुझं नाव तिसऱ्या खिळ्यावर लावलं आहे, एवढंच.

ता. क. ३. रविवारी पहिल्या गाडीने मी येतोय. घरात येणार नाही. तुमच्या दारासमोरच्या पहिल्या खांबाशी पिशवी घेऊन उभा राहीन, आणि तू न्यायला आल्याशिवाय हलणार नाही. माझा गुडघा तुला माहीत आहे, फार वेळ ताटकळत ठेवू नकोस. दारापासून तो खांब एकोणीस पावलं आहे, भाचीने मोजून दिलंय. काठी घेऊन ये किंवा माझ्यावर चिडून ये, कशीही ये. फक्त त्या खांबापर्यंत चल, आक्का, मग बसू. (आताच सांगून ठेवतो, त्या खांबाशी मुंग्या आहेत. पुढच्याशी बाक आहे म्हणे.)