धाकटीचे हजार मीटर

३ फेब्रुवारी

रेस क्लबच्या सेक्रेटरींनी शेवटी मलाच गाठलं. दोन वर्षांच्या माद्यांची हजार मीटरची शर्यत यंदा पन्नास वर्षांची होतेय, तिचा इतिहास लिहून हवाय. ट्रेनरची बायको, त्यात एकेकाळची शाळामास्तरीण — आयतीच सापडले! शर्यत मिनिटभराची आणि पानं म्हणे दहा.

४ फेब्रुवारी

पहिल्या वर्षीची विजेती मामंजींच्या पागेतली! लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. स्वतः ही शर्यत एकदाही जिंकले नाहीत, म्हणून असेल. मी पहिल्याच पानावर झोकात लिहिलं — ‘पन्नासावं वर्ष पुन्हा येत नसतं.’ जेवताना वाचून दाखवलं. ह्यांनी परत वाचायला लावलं. भाजी गार झाली.

७ फेब्रुवारी

शर्यत पूर्वी वर्षअखेरीला असायची. घोडा केव्हाही जन्मो, कागदावर सगळ्यांचं वय नववर्षाला एकदम वाढतं. उशिरा जन्मलेल्या पोरींची हाडं भरावीत म्हणून जुन्या लोकांनी ती तारीख ठरवली होती. पुढे क्लबच्या सोयीसाठी ती फेब्रुवारीत आली.

आमच्या पागेतली धाकटी घोडी यंदा ह्याच शर्यतीत आहे, आणि ती मेअखेरची. कागदावर दोन वर्षांची, खरी वीस महिन्यांची. अजून माझ्या खिशात तोंड खुपसून गाजर शोधते. डॉक्टर म्हणाले, गुडघे कच्चे आहेत, सहा महिने थांबा. हे म्हणाले, मालकांशी बोलतो.

८ फेब्रुवारी

मालक ऐकत नाहीत म्हणे. स्वतःला दोन पायऱ्या चढवत नाहीत आणि लेकराला पळवायला निघालेत! पण घोडी त्यांची. आपण कोण?

१२ फेब्रुवारी

खरारा करताना सईस म्हणाला, “वहिनी, गुडघा गरम लागतोय.” हात ठेवला. गरमच. ह्यांच्याशी भांडले, रडले. पाणी मारलं की उतरेल, म्हणाले. मग सईस आणि मी पायावर पाण्याची नळी धरून बसलो. दुसरं करणार काय?

१३ फेब्रुवारी

उद्या शर्यत. इतिहास लिहून झाला, विजेतीच्या नावाची जागा तेवढी मोकळी ठेवली. धाकटी जिंकू नये, नुसती परत यावी.

१४ फेब्रुवारी

तिसरी आली. रेषा ओलांडल्यावर तीन पायांवर उभी राहिली. जगेल, पण पळायची नाही, असं डॉक्टर म्हणाले. तरी तिनं माझा खिसा हुंगला. हे पागेच्या दाराशी उभे, आत पाऊल टाकत नव्हते. मला त्यांची दया आली. त्या मालकाचं तोंड पाहायची इच्छा नाही.

१५ फेब्रुवारी

मालक आले, काठी टेकत, पिशवीभर गाजरं घेऊन. मी बसासुद्धा म्हटलं नाही. जाताना हळूच म्हणाले, “मी तुमच्या साहेबांना सांगितलं होतं, यंदा राहू द्या. पण ते म्हणाले, पन्नासावं वर्ष पुन्हा येत नसतं.”